मैदानाखालचा समुद्र शोधायचा कसा (ओव्हलपासून सुरुवात करून)

हल्ली बऱ्याच जणांना आपल्या भागाचा इतिहास लिहायची हौस आलीय आणि चांगलंच आहे ते, पण पाण्याकाठच्या बागेबद्दल किंवा मैदानाबद्दल लिहायची वेळ आली की सगळे सुरुवात करतात कोनशिलेपासून, अमुक साली अमुक साहेबांच्या हस्ते उद्घाटन, मग झाडं किती, बाकडी किती, संपलं. अहो पण कोनशिला बसते तेव्हा त्या जागेचं निम्मं आयुष्य उरकलेलं असतं. त्याआधी तिथे पाणी होतं का चिखल, कोळ्यांच्या होड्या लागायच्या का तोफा, आणि मुख्य म्हणजे एवढ्या महागड्या शहरात ती जागा मोकळी राहिलीच कशी, हे कोण सांगणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की शहरात पाण्याच्या काठाला असलेली मोकळी जागा आपोआप मोकळी राहत नाही, कोणीतरी कशासाठी तरी ती मोकळी ठेवलेली असते. ते कारण सापडलं की निम्मं काम झालं. ते शोधायचं कसं ते सांगतो. उदाहरणाला मुंबईचं ओव्हल मैदान घेतो, कारण चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत पोचता येतं आणि तिथे इतिहास अक्षरशः दोन्ही बाजूंना उभा आहे. तुम्ही म्हणाल ओव्हल कुठे पाण्याकाठी, समुद्र तर तिकडे मरीन ड्राइव्हला. तीच तर गंमत आहे.

आधी पायांनी, मग कागदांनी

पहिल्याच दिवशी लायब्ररीत जाऊ नका, आधी जागेवर जा. ओव्हलच्या मधून आडवी जाणारी पायवाट आहे, ऑफिसवाली मंडळी सकाळ-संध्याकाळ तिथूनच कापत जातात, त्या वाटेवर मधोमध उभे राहा आणि पूर्वेला तोंड करा. उजव्या हाताला जुनं सचिवालय, म्हणजे आता सिटी सिव्हिल अँड सेशन्स कोर्ट, मग विद्यापीठाचा दीक्षांत सभागृह, राजाबाई टॉवर, मग हायकोर्ट. हे सगळं १८७० च्या दशकात पुरं झालंय, सचिवालय आणि सभागृह १८७४ ला, टॉवर आणि हायकोर्ट १८७८ ला. आता या इमारतींचे सज्जे, कमानी, गॅलऱ्या, सगळा नखरा कोणत्या बाजूला आहे ते बघा. तुमच्याकडे आहे, म्हणजे पश्चिमेला. आज कोर्टात जाणारा माणूस फोर्टाच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या भागाच्या, बाजूने पण येतो, मग एवढा खर्च मैदानाच्या बाजूला का केला?

कारण तेव्हा मैदानाच्या पलीकडे रेल्वेचे रूळ होते आणि रुळांच्या पलीकडे थेट बॅकबेचा, म्हणजे मुंबईच्या पश्चिमेच्या उपसागराचा, समुद्र. बोटीतून येणाऱ्याला, किनाऱ्यावर फिरणाऱ्याला ही सगळी रांग समोर दिसायची. म्हणजे ओव्हल हे समुद्रकाठचं मैदान होतं आणि त्या इमारती म्हणजे त्या काळचा सी-फेस.

आता मागे वळा. पश्चिमेला पाच-सहा मजली गोलाई मारलेल्या बाल्कन्यांच्या इमारती, त्या १९३० च्या दशकातल्या, आर्ट डेको नावाच्या त्या काळच्या नव्या शैलीतल्या. चर्चगेटच्या कोपऱ्यावरचं इरॉस थिएटर १९३८ चं. म्हणजे पूर्वेची रांग आणि पश्चिमेची रांग यांच्यात साठेक वर्षांचं अंतर आहे आणि पश्चिमेची रांग ज्या जमिनीवर उभी आहे ती पूर्वेची रांग बांधली तेव्हा धड अस्तित्वातच नव्हती. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, आणि मधलं मैदान नसतं तर या दोन रांगा समोरासमोर दिसल्याच नसत्या.

तर पहिली पायरी ही, कुठल्याही बागेत मधोमध उभं राहून भोवतीच्या जुन्या इमारती कुणाकडे तोंड करून आहेत ते बघायचं. देऊळ असो, वाडा असो, कस्टमची कचेरी असो. ज्या बाजूला आज काहीच नाही त्या बाजूला जर दर्शनी भाग असेल तर तिकडे पूर्वी काहीतरी होतं. बहुतेक वेळा पाणीच असतं.

याच फेरीत जमिनीचा उतार बघून घ्या. पहिल्या मोठ्या पावसात पाणी कुठे साठतं ते लक्षात ठेवा, भराव घातलेली जागा आणि मूळ जमीन यांच्यातला फरक पावसाळ्यात जितका कळतो तितका नकाशात कळत नाही. फोनवर फोटो काढताना तारीख आणि लोकेशन चालू ठेवा, नंतर कामाला येतं.

नकाशा नकाशावर ठेवायचा, पण कशाच्या आधाराने?

मुंबईपुरतं बोलायचं तर लॉटन साहेबाने १८६५ ते १८७२ च्या दरम्यान केलेला सर्व्हे म्हणजे सोन्याची खाण आहे, घराघराची रेषा आहे त्यात. त्याच्या आधीचा हवा असेल तर डिकिन्सनचा १८१२-१६ चा. जुन्या नकाशांचे स्कॅन नेटवर सापडतात, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथ संजीवनी या साइटवर जुनी कागदपत्रं बरीच चढवलेली आहेत, आणि फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे तिथे जाऊन बघता येतं. पुराभिलेखागारात जाताना ओळखपत्र न्या, पेन्सिल न्या, आणि "मला मुंबईचा इतिहास बघायचाय" असं सांगू नका, समोरचा माणूस हतबल होतो. विभाग आणि साल सांगा. सार्वजनिक बांधकाम खातं, १८६० ते १८७०, एस्प्लनेड (म्हणजे किल्ल्यासमोरची मोकळी जमीन, तिच्याबद्दल पुढे), असं सांगितलं तर काहीतरी हाताला लागेल.

स्कॅन मिळाला की तो आजच्या नकाशावर ठेवून पारदर्शक करायचा, गूगल अर्थ डेस्कटॉपवर हे फुकटात होतं, इमेज ओव्हरले म्हणून सोय आहे. आता यात नवखे लोक रस्ते जुळवत बसतात. रस्ते जुळवू नका, रस्ते रुंद होतात, सरकतात, वाकतात. जे हलत नाही ते जुळवा. फोर्टात सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ पासून तिथेच आहे, टाउन हॉल १८३३ पासून तिथेच आहे, असे किमान तीन बिंदू पकडा, एका ओळीत नसलेले.

देवळांच्या बाबतीत मात्र जपून. आपल्याला वाटतं देऊळ काही हलत नाही, पण खुद्द मुंबादेवीचं देऊळ पूर्वी आजच्या सीएसएमटीच्या आसपास होतं आणि अठराव्या शतकात किल्ल्यासमोरची जागा मोकळी करताना तिथून हलवलं गेलं, मग आजच्या जागी म्हणजे झवेरी बाजाराकडे आलं. ज्या शहराचं नाव त्या देवीवरून पडलं तिलाच बिऱ्हाड हलवावं लागलं म्हटल्यावर बाकीच्यांची काय कथा.

ओव्हरले नीट बसला की एक रेष काढा, जुन्या किनाऱ्याची. बॅकबेमध्ये ती रेष आजच्या महर्षी कर्वे रोडच्या, म्हणजे जुन्या क्वीन्स रोडच्या, आजूबाजूने जाते. चर्चगेट ते मरीन लाइन्स चालत गेलात तर बऱ्यापैकी त्याच किनाऱ्यावरून चालताय असं समजा.

मोकळी का राहिली, हा खरा प्रश्न

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक लेख इथेच गडबडतात. "ब्रिटिशांनी नागरिकांसाठी प्रशस्त मैदानं राखली" असलं वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता दिसलं की पान उलटतो. नागरिकांसाठी कसली राखली, तोफांसाठी राखली! फोर्टाला तटबंदी होती, खंदक होता, तीन दरवाजे होते (अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट), आणि तटावरून तोफ डागायची तर समोर आडोसा नको, म्हणून तटाबाहेरची घरं, झाडं, देवळं उठवून जमीन सपाट करून ठेवली. तिला म्हणायचे एस्प्लनेड. वेळोवेळी भीती वाटली की मोकळा पट्टा आणखी वाढवायचे. आजचे ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान, कूपरेज ही सगळी एकाच मोकळ्या पट्ट्याची चार पिल्लं आहेत, मधून रस्ते गेले म्हणून वेगळी झाली.

तोफा कधी कामी आल्या नाहीत त्यामुळे मधल्या काळात त्या पट्ट्यावर सैन्याची परेड, गोऱ्यांचे उन्हाळ्यातले तंबू आणि गुरांची चराई असं सगळं चालायचं. चराईवरून एक गोष्ट नेहमी सांगतात, की मैदानावर गुरं चारायला कर बसवला तेव्हा पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉयांनी ठाकुरद्वाराकडे गवताची जमीन विकत घेऊन गुरांना मोकळी केली आणि त्या 'चरणी'वरून चर्नी रोड. गोष्ट गोड आहे, लिहायला हरकत नाही, पण लिहिताना "असं सांगतात" हे दोन शब्द पुढे ठेवा. आणि तुमच्या गावची असली गोष्ट असेल तर तिला जोडीचा कागद शोधा, कराचा हुकूम सापडतो का, खरेदीखत सापडतं का.

स्टेशनांची नावं पण अशीच तपासून घ्यायची. चर्चगेट नाव पडलं ते किल्ल्याच्या दरवाजावरून आणि तो दरवाजा स्टेशनापाशी नव्हताच, आज फ्लोरा फाउंटन आहे तिथे होता. मरीन लाइन्सला समुद्र आहे म्हणून मरीन असं सगळ्यांना वाटतं, ते मरीन बटालियनच्या लाइनी म्हणजे बराकी होत्या त्यावरून. म्हणजे दोन्ही नावं लष्कराची. मैदान लष्कराचं होतं म्हटल्यावर आजूबाजूची नावं लष्करीच असणार.

१८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तट पाडला. किल्ल्याचा उपयोग उरला नव्हता आणि आत गर्दीने जीव गुदमरत होता. नेमक्या त्याच सुमारास, १८६३ ला, गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' छापलं गेलं, मराठीत मुंबईवर लिहिलेलं हे पहिलं मोठं पुस्तक, तट पडायच्या वेळची मुंबई कशी दिसायची ते मराठी माणसाच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर ते वाचा. इंग्रजी गॅझेटियर (१९०९-१० चे तीन भाग) उपयोगी आहेतच, पण त्यात सरकारी चष्मा आहे.

पैशाचा माग काढा

तट पडला, जागा मोकळी झाली, तेव्हा ती विकून टाकून घरं का नाही बांधली? आणि समुद्र मागे का ढकलला? यासाठी पैशाचा माग काढायचा. पाण्याकाठच्या जमिनीत हा माग कधी चुकत नाही.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मुंबईत पैशाचा असा पूर आला की तो ठेवायचा कुठे कळेना. मग कंपन्या निघाल्या. त्यात सगळ्यात गाजली ती बॅकबे रेक्लमेशन कंपनी, समुद्र बुजवून जमीन करायची आणि विकायची. पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. न झालेल्या जमिनीचा! या सगळ्या खेळात मध्यभागी कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद होते. १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, १ जुलैला वायद्यांची मुदत भरली आणि बाजार भुईसपाट झाला. कंपनी बुडाली. समुद्राला मात्र फार काही झालं नाही, किनाऱ्यालगत एक अरुंद पट्टी तेवढी तयार झाली, ती सरकारकडे आली आणि त्यावरून बी.बी.सी.आय. रेल्वेचे (म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचे) रूळ चर्चगेटपर्यंत आले, १८७० पर्यंत, आणि पुढे कुलाब्यापर्यंत. क्वीन्स रोडही त्याच पट्टीत.

म्हणजे आज आपण ज्या लोकलने ओव्हलला जातो ती लोकल एका बुडालेल्या कंपनीच्या भरावावरून धावते. आणि समोरच्या टॉवरला जी राजाबाई आहे ती प्रेमचंदांची आई, त्यासाठी पैसे त्यांनी बुडायच्या आधी दिले होते. एका मैदानाच्या दोन कडांना एकाच तेजीची दोन फळं, एक घड्याळ आणि एक रूळ.

दुसरी खेप १९२० ची. गव्हर्नर जॉर्ज लॉइड, डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट नावाचं सरकारी खातं, आणि बेत काय तर बॅकबेत आठ ब्लॉक करून १,१४५ एकर जमीन तयार करायची. समुद्रात भिंत घालायची, तळाची माती ड्रेजरने उपसून आत ओतायची. झालं असं की भिंतीतून माती परत समुद्रात जायला लागली, एका बाजूने भरा आणि दुसऱ्या बाजूने वाहून जाऊ द्या, खर्च मात्र फुगत चाललेला. यावर तुटून पडले ते वकील खुर्शेद नरिमन. बॉम्बे क्रॉनिकल या वर्तमानपत्रात लिहिलं, कायदे कौन्सिलमध्ये बोलले, भ्रष्टाचाराचे आरोप केले, तेव्हा हार्वे नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यात नरिमन निर्दोष सुटले. १९२६ ला चौकशी समिती बसली. शेवटी आठपैकी चार ब्लॉक झाले, ४३९ एकर. लोक या योजनेला 'लॉइड्स फॉली' म्हणायचे.

ओव्हलच्या पश्चिमेची आर्ट डेको रांग आणि तिच्यामागचं मरीन ड्राइव्हपर्यंतचं सगळं या चार ब्लॉकांपैकीच. भरावामुळे कुलाब्याच्या रुळांचं कारण संपलं, ३१ डिसेंबर १९३० ला कुलाबा स्टेशन बंद झालं, आणि ओव्हल आणि समुद्र यांच्यात कायमची इमारतींची भिंत आली. राहिलेल्या मधल्या ब्लॉकांतला काही भाग स्वातंत्र्यानंतर भरला आणि त्यातल्या टोकाला नाव काय दिलं, तर नरिमन पॉइंट! ज्या माणसाने या भरावाविरुद्ध जिवाचं रान केलं त्याचं नाव भरावालाच. मला तर हे वाचून हसावं का रडावं कळेना.

आता यातून तुमच्या कामाचं काय, तर हे, की तुमच्या बागेच्या आसपास बुडालेली योजना शोधा. यशस्वी योजना सगळ्यांना माहीत असते, बुडालेली योजना कागद जास्त सोडून जाते कारण तिची चौकशी होते, खटले होतात, साक्षी होतात. चौकशी अहवाल, कौन्सिलमधली प्रश्नोत्तरं, कोर्टाचे निकाल, यातून जेवढं मिळतं तेवढं दहा स्मरणिकांतून मिळत नाही.

मालक कोण ते कागदावर बघा

इथे लोक कंटाळतात, पण हा भाग टाळू नका. मुंबई शहरात जमिनीला कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर असतो, सी.एस. नंबर म्हणतात, सोबत डिव्हिजन, म्हणजे फोर्ट, कुलाबा, गिरगाव वगैरे. उपनगरात सी.टी.एस. नंबर. नंबर हातात आला की मालमत्ता पत्रक काढायचं. त्यात धारक कोण, सत्ताप्रकार काय, भाडेपट्टा असेल तर कोणाकडून कोणाला, आणि फेरफार कधी कधी झाले ते असतं. गावाकडे सात-बारा आणि फेरफार. महाभूलेख या सरकारी साइटवर दोन्ही मिळतात, कधी साइट चालते कधी नाही, रात्री उशिरा बरी चालते असा माझा अनुभव.

भरावाच्या जमिनीच्या कागदांत 'बॅकबे रेक्लमेशन' आणि ब्लॉक नंबर अजून लिहिलेला दिसतो, शंभर वर्षं झाली तरी. तुमच्या बागेच्या कागदावर असा कुठल्या योजनेचा शिक्का दिसला की समजा धागा लागला.

दुसरा कागद विकास आराखड्याचा. मुंबईचा सध्याचा २०३४ पर्यंतचा आहे, महापालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे त्या जागेबद्दल आराखड्यात काय आहे त्याचा लेखी शेरा, घेता येतो, जागेवर खेळाचं मैदान म्हणून आरक्षण आहे का करमणुकीचं मैदान का उद्यान, ते त्यात कळतं. बोर्डावर 'उद्यान' लिहिलेलं असतं आणि आराखड्यात भलतंच असतं, असं होतं बरं का. तिसरा समुद्रकाठी असाल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या कोस्टल रेग्युलेशन झोनचा, नकाशा, भरतीरेषा कुठे धरलीय ते बघायला. सीआरझेडची पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ ची, नंतर २०११ आणि २०१९ ला बदलली, त्यामुळे नकाशा कुठल्या सालचा ते आधी बघा, नाहीतर सगळा हिशोब चुकतो.

कागद मिळत नसेल तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा स्टँप, तीस दिवसांची मुदत, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांत बसवायचा. प्रश्न "का" असा विचारू नका, "का" ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. "अमुक सी.एस. नंबरच्या जमिनीचा भाडेपट्टा, नूतनीकरणाचे आदेश व सोबतचा नकाशा यांच्या प्रती मिळाव्यात" असं विचारा. मला एका कचेरीतून उत्तर आलं की सदर अभिलेख आढळून येत नाही, आणि दुसऱ्या कचेरीने त्याच अभिलेखाचा जावक क्रमांक लिहून पाठवला. अशी दोन्ही पत्रं जपून ठेवायची, अपिलात हीच कामी येतात.

आत कोणाला येऊ द्यायचे?

बागेचा इतिहास म्हणजे नुसता जमिनीचा नाही, कोणाला आत सोडलं आणि कोणाला हाकललं त्याचाही. एस्प्लनेडवर देशी पोरं क्रिकेट खेळायची आणि गोरे साहेब घोड्यावरून पोलो. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडायची. १८८० च्या दशकात पारशी क्रिकेटपटूंनी पुढाकार घेऊन सरकारकडे अर्जांवर अर्ज केले की आम्हाला दुसरी जागा नाही, साहेबांना आहे, तरी पोलो काही लवकर हटला नाही. शेवटी तोडगा काय निघाला तर समुद्राच्या कडेला, केनेडी सी-फेसला, भरावाच्या जागेवर जिमखान्यांना भूखंड, पारशी जिमखाना, मग इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना, ओळीने. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना ते तीन जिमखाने शेजारी शेजारी का आहेत, त्याचं मूळ या भांडणात आहे.

ओव्हलचंही तसंच, १९९० च्या दशकापर्यंत मैदानाची पार दुर्दशा झाली होती, मग भोवतालच्या रहिवाशांच्या संघटनेने कोर्टाची पायरी चढून ते सुधारून घेतलं. चांगलं झालं. पण कुंपण आलं, वेळा आल्या, हेही इतिहासात लिहायचं. मला कुंपण आवडत नाही, पण कुंपणाआधीचं मैदान ज्यांनी बघितलंय ते मला गप्प बसवतात. दोन्ही बाजू लिहा.

यासाठी माणसांशी बोलायला लागतं. म्हाताऱ्या माणसांना "पूर्वी इथे काय होतं" असं विचारलं की ते "पूर्वी सगळं छान होतं" असं सांगतात, त्यांचा दोष नाही, प्रश्नच तसा आहे. त्याऐवजी खूण देऊन विचारा. "आजोबा, तुम्ही शाळेतून येताना समुद्र कुठून दिसायला लागायचा?" "काकू, विसर्जनाला गिरगावातून निघाल्यावर वाळू कुठे सुरू व्हायची?" "मामा, मैदानात शिरायला पैसे लागायचे का, भेळवाल्याला आत येऊ द्यायचे का?" पटापट उत्तरं येतात. आणि त्यांनी स्वतः बघितलेलं वेगळं लिहा, त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं वेगळं लिहा. फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा, कोणी नाही म्हणत नाही.

मुंबईबाहेर असाल तर

नदीकाठची बाग असेल तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. निळ्या रेषेच्या आत बाग का आहे, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं की तिथे दुसरं काही बांधता येत नव्हतं. पुण्यात नदीकाठच्या कुठल्याही जागेबद्दल विचारताना १२ जुलै १९६१ च्या आधीचं आणि नंतरचं असे दोन रकाने करा, पानशेतच्या पुराने काठावरचे वाडेच्या वाडे गेले आणि त्यानंतर नदीकाठचं सगळंच बदललं.

खाडीकाठी असाल तर कचऱ्याचा माग काढा. धारावीच्या उत्तरेला मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, सदतीस एकर, आत गेलात तर जंगलात आल्यासारखं वाटतं, ते पूर्वी महापालिकेचं डम्पिंग ग्राउंड होतं. गोव्याची मंडळी असतील तर पणजीत मांडवीकाठच्या कांपालपासून सुरुवात करा, एकोणिसाव्या शतकात दलदल भरून पणजी कशी वाढली ते तिथे पायाखाली आहे, कागद पोर्तुगीजमध्ये असतात तेवढी तयारी ठेवा.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इतिहास म्हणजे जुनंच असं नाही. कोस्टल रोडसाठी मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत सुमारे १११ हेक्टर भराव घातला, त्यातला मोठा भाग बागा आणि फिरायच्या जागा होणार, आणि त्या जमिनीवर राहती किंवा व्यापारी बांधकामं करायची नाहीत अशी सुप्रीम कोर्टाची अट आहे. २०१९ च्या जुलैत हायकोर्टाने परवानगी रद्द केली होती, डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने काम चालू करू दिलं, मार्च २०२४ ला पहिला टप्पा सुरू झाला. १९२० च्या वेळी जसं नरिमनांनी प्रत्येक आकडा तपासला तसं आता तपासायला आपल्याकडे फोन आहे.

तेव्हा एक फोल्डर आजच करा. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं मिळतात, हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्याची २०१८ पासून दर वर्षाची एक एक सेव्ह करून ठेवा. कोर्टाचे आदेश पीडीएफमध्ये उतरवून घ्या, कारण लिंका मरतात. बागेच्या दारावर बोर्ड लागला की त्याचा फोटो, बोर्ड बदलला की परत फोटो, खालचं बारीक अक्षर वाचता येईल एवढ्या जवळून, कारण देखभाल कोणाकडे आणि किती वर्षांसाठी ते त्याच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. फाइलच्या नावात आधी साल मग महिना मग जागा, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात.